निगहबान : एका विमानाचे दोन जन्म

उर्दूत 'निगहबान' असा एक सुंदर शब्द आहे. 'निगाह' म्हणजे नजर आणि 'बान' म्हणजे राखणारा. बाग राखतो तो बागबान, दार राखतो तो दरबान, आणि नजर ठेवून राखण करतो तो निगहबान. इंग्रजीतल्या 'व्हिजिलंटी' या शब्दाचा मूळ अर्थही हाच. स्पॅनिश भाषेत तो पहारेकऱ्यासाठी वापरतात. पण इंग्रजीत येताना त्याचा अर्थ फिरला. कायदा हातात घेऊन परस्पर शिक्षा देणाऱ्या टोळक्यांना तो चिकटला. आजच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तो याच अर्थाने येतो, आणि कोणत्या बातम्यांत येतो हे माझ्या वाचकांना सांगायला नको.

अमेरिकी नौदलाने १९५० च्या दशकात आपल्या एका विमानाला हेच नाव दिलं. ए-५ व्हिजिलंटी. समुद्रातल्या जहाजावरून उडायचं, ध्वनीच्या दुप्पट वेगाने शत्रूच्या प्रदेशात घुसायचं, अणुबॉम्ब टाकायचा आणि परत त्याच जहाजावर येऊन उतरायचं, हे त्याचं काम. शब्दाचे दोन्ही अर्थ या एका विमानाच्या वाट्याला आले. ते बनलं शिक्षा देण्यासाठी आणि त्याचं आयुष्य गेलं नजर ठेवण्यात. हे कसं झालं, ते आज सांगायचं आहे. भाषेच्या मास्तराला विमानांशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. पण एखादं यंत्र कसं चालतं यापेक्षा ते कशासाठी बनवलं गेलं, हा प्रश्न मला जास्त ओढतो. आणि तो प्रश्न भाषेच्या मास्तरालाही विचारता येतो.

गोष्टीची सुरुवात रशियाशी झालेल्या भांडणापासून होते असं आपल्याला वाटेल. खरं तर ती अमेरिकेच्या घरातल्या भांडणापासून होते.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पॅसिफिक महासागरात सर्वांत मोठा दबदबा अमेरिकी नौदलाचा होता. पण हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब टाकले ते जमिनीवरून उडालेल्या बी-२९ विमानांनी. १९४७ मध्ये हवाई दल लष्करापासून वेगळं झालं आणि त्याने सरळ दावा केला की पुढची युद्धं आमची लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानंच जिंकून देतील. मग एवढ्या महागड्या जहाजांची गरज काय? पैसा एकच, मागणारे दोन. नौदलाला कळून चुकलं की अणुबॉम्ब वाहून नेता आला नाही तर अंदाजपत्रकात आपलं पान शेवटचं राहील.

म्हणून नौदलाने 'युनायटेड स्टेट्स' नावाचं प्रचंड विमानवाहू जहाज बांधायला घेतलं. १८ एप्रिल १९४९ रोजी त्याची कामाला सुरुवात झाली आणि अवघ्या पाच दिवसांनी, २३ एप्रिलला, संरक्षणमंत्री लुई जॉन्सन यांनी ते रद्द केलं. नौदलमंत्री जॉन सलिव्हन यांनी राजीनामा दिला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संसदेच्या समितीपुढे ॲडमिरल मंडळींनी आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध साक्षी दिल्या. नौदलप्रमुख लुई डेनफेल्ड यांना पद सोडावं लागलं. इतिहासात हे प्रकरण 'ॲडमिरलांचं बंड' म्हणून ओळखलं जातं. पुढच्याच वर्षी कोरियाचं युद्ध पेटलं, विमानवाहू जहाजांची गरज सगळ्यांना पटली आणि नौदलाला मोठी जहाजं मिळाली. पण १९४९ चा अपमान ते विसरलं नाही.

आता अडचण होती बॉम्बच्या वजनाची. नागासाकीवरचा बॉम्ब सुमारे साडेचार हजार किलोचा होता. तो पोटात घेऊन जहाजाच्या आखूड डेकवरून उडायचं कसं? पहिला तोडगा म्हणजे निव्वळ जुगाड होता. किनाऱ्यावरून उडणाऱ्या नेपच्यून विमानांना अग्निबाण बांधून ती जहाजावरून उडवली गेली. ती उडत, पण परत जहाजावर उतरू शकत नसत. वैमानिकाने काम झाल्यावर एखादा मित्रदेश गाठायचा, नाहीतर समुद्रात उतरायचं. त्यानंतर नॉर्थ अमेरिकन कंपनीचं सॅव्हेज आलं. त्याला दोन पंख्यांची इंजिनं आणि मागे एक जेट. मग १९५६ मध्ये डग्लस कंपनीचं स्कायवॉरियर नौदलात दाखल झालं. ते पूर्ण जेट होतं, मोठं होतं, पण ध्वनीपेक्षा हळू होतं. तोवर सोव्हिएत मिग विमानं वेगवान झाली होती. त्यांच्या तावडीतून सुटायचं तर आणखी वेग हवा होता.

एवढी मोठी जेट विमानं जहाजावर उतरू शकली ती तीन ब्रिटिश कल्पनांमुळे. पहिली, तिरका डेक. उतरण्याची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेला तिरकी ठेवली, म्हणजे तार चुकली तर पुढे उभ्या विमानांवर न आदळता वैमानिक पुन्हा आकाशात झेप घेऊ शकतो. दुसरी, वाफेवर चालणारी कॅटापुल्ट. ही एक प्रकारची गोफणच. बॉयलरच्या वाफेचा दाब विमानाला दोन-तीन सेकंदांत उड्डाणाच्या वेगापर्यंत फेकतो. तिसरी, आरशाची दृक्-यंत्रणा. तिच्यातल्या दिव्याकडे पाहून आपण फार वर आहोत की फार खाली, हे उतरणाऱ्या वैमानिकाला कळतं. या तिन्ही गोष्टी मुंबईकरांनी कळत-नकळत पाहिल्या आहेत. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत आलेल्या आपल्या पहिल्या विक्रांतवर त्या होत्या. पुढे विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा कितीतरी शाळांच्या सहली त्या डेकवरून फिरून आल्या.

आता व्हिजिलंटीकडे येऊ. १९५३ मध्ये नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या ओहायो राज्यातल्या कोलंबस इथल्या कारखान्यात, नौदलाने मागणी करण्याआधीच, या विमानाचा अभ्यास सुरू झाला. नौदलाने त्यात आपल्या अटी घातल्या. २९ ऑगस्ट १९५६ रोजी करार झाला आणि ३१ ऑगस्ट १९५८ रोजी पहिलं विमान आकाशात गेलं. दोन वर्षं आणि दोन दिवस. आजच्या काळात एखाद्या लढाऊ विमानाला किती वर्षं लागतात हे ज्यांना ठाऊक आहे, ते या वेगाने थक्क होतील.

अभियंत्यांपुढचा पेच समजून घेण्यासारखा आहे. मॅक २ वेगाने, म्हणजे उंचावर ताशी सुमारे २,१०० किलोमीटरने उडायचं तर पंख पातळ आणि लहान हवेत. पण जहाजावर उतरताना वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास आणायचा आणि शेपटीखालच्या आकड्याने डेकवरची तार पकडून शंभरेक मीटरमध्ये थांबायचं. एवढ्या कमी वेगाला तोलून धरायला पंख मोठे हवेत. एकाच विमानाकडून घोड्याची दौड आणि मुंगीची चाल मागितली जात होती.

त्यांनी काय केलं पाहा. पंखाच्या मागच्या कडेला मोठे फ्लॅप बसवले आणि इंजिनातली दाबाची हवा त्यांच्यावरून सोडली, म्हणजे कमी वेगातही पंखावरचा प्रवाह चिकटून राहील आणि विमान तरंगेल. फ्लॅपने जागा व्यापल्यावर विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या नेहमीच्या झडपांना जागाच उरली नाही. मग ते काम पंखावरच्या छोट्या झडपांकडे आणि शेपटीच्या आडव्या पात्यांकडे दिलं. शेपटीचं उभं पातं तर अख्खंच्या अख्खं वळत असे. कंपनीला अशी दोन उभी पाती हवी होती, नौदलाने एकच घ्यायला लावलं. पुढे एफ-१४ आणि एफ-१५ सारख्या विमानांवर दोन पाती दिसू लागली.

इंजिनं होती जनरल इलेक्ट्रिकची दोन जे-७९. ध्वनीपेक्षा वेगाने येणारी हवा थेट इंजिनात घेता येत नाही, आधी तिचा वेग कमी करावा लागतो. त्यासाठी हवा घेण्याच्या चौकोनी तोंडात हलते उतार बसवले. वेग बदलेल तसा त्यांचा कोन बदले. वैमानिकाच्या हालचाली तारांमधून विजेच्या संकेताने पोचत आणि बिघाड झालाच तर जुनी यांत्रिक जोडणी हाताशी असे. वैमानिकासमोरच्या काचेवर आकडे आणि खुणा उमटत. नाकाखाली टीव्ही कॅमेरा होता. मागच्या आसनावर बसणाऱ्या दिशादर्शकाची खोली जवळपास अंधारी होती, बाजूला फक्त दोन लहान खिडक्या. त्याच्या मदतीला 'व्हर्डान' नावाचा डिजिटल संगणक होता. बँकांत आणि विद्यापीठांत संगणक खोलीभर जागा अडवत होते, त्या काळात हा संगणक लढाऊ विमानात बसून उडत होता. सुरुवातीला तो वारंवार बंद पडे, पण वाट त्याने दाखवली. शेवटी हे सगळं अवजड धूड जहाजाच्या पोटात मावावं म्हणून पंख, नाक आणि शेपटीचं टोक अशा तिन्ही ठिकाणी घडी घालायची सोय केली.

इथवर सगळं हुनराचं काम. चूक झाली ती नेमकी मुख्य कामात.

साधारण बॉम्बफेकी विमानाच्या पोटाला दारं असतात. ती उघडतात आणि बॉम्ब खाली पडतो. मॅक २ वेगात दारं उघडली तर हवेचा प्रवाह विस्कटतो आणि विमानाचा तोल जातो. म्हणून अभियंत्यांनी दोन इंजिनांच्या मधून एक लांब बोगदा काढला. त्यात बॉम्ब आणि त्याला जोडलेल्या दोन इंधनटाक्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. जाताना या टाक्यांतलं इंधन आधी वापरायचं आणि लक्ष्यावर पोचल्यावर अख्खी गाडी शेपटीतून मागे ढकलून द्यायची. कागदावर कल्पना फार देखणी होती. प्रत्यक्षात मागे फेकलेला बॉम्ब विमानाच्या मागच्या ओढीत सापडून काही काळ त्याच्यामागेच तरंगत राही. मग नेम कसा लागणार? आणि काही वेळा तर कॅटापुल्टच्या जबर झटक्याने विमान पुढे गेलं आणि बोगद्यातली गाडी मागे डेकवर पडली. ज्या एका कामासाठी हे विमान बनलं, तेच काम त्याला नीट जमत नव्हतं.

हा दोष कदाचित दूरही झाला असता. पण तेवढ्यात प्रश्नच बदलला.

१९६० हे वर्ष मला या हकीकतीत सर्वांत बोलकं वाटतं. जुलैमध्ये साराटोगा जहाजावर व्हिजिलंटीच्या पहिल्या चाचण्या झाल्या. त्याच महिन्याच्या २० तारखेला जॉर्ज वॉशिंग्टन या पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस क्षेपणास्त्र डागून दाखवलं. नोव्हेंबरमध्ये ती १६ क्षेपणास्त्रं घेऊन पहिल्या गस्तीवर गेली. आणि १३ डिसेंबरला कमांडर लेरॉय हीथ आणि लेफ्टनंट लॅरी मन्रो यांनी एक हजार किलोचं ओझं घेऊन व्हिजिलंटी २७,८७४ मीटर उंचीवर नेली. एव्हरेस्टच्या तिपटीहून जास्त. हा विक्रम पुढे तेरा वर्षं टिकला. म्हणजे विमान आपल्या कर्तबगारीच्या शिखरावर होतं तेव्हा त्याची जागा घेणारी पाणबुडी महिन्याभरापूर्वीच समुद्रात जाऊन बसली होती. तिला डेक नको, वैमानिक नको, परतीचं इंधन नको, आणि ती कुठे आहे हे शत्रूला कळत नाही.

लक्षात घ्या, पाणबुडी नौदलाचीच. १९४९ मध्ये हवाई दलाशी जो वाद होता, तो नौदलाने पाणबुडीच्या जोरावर जिंकला. त्यामुळे वाद जिंकण्यासाठी बनवलेल्या विमानाची गरज उरली नाही.

१९६१ मध्ये व्हिजिलंटी नौदलात दाखल झाली, ऑगस्ट १९६२ मध्ये अणुशक्तीवर चालणाऱ्या एंटरप्राइज जहाजाच्या पहिल्या सागरी मोहिमेवर गेली, आणि १९६३ मध्ये बॉम्बफेकी व्हिजिलंटी बांधणं थांबलं. पण एवढं वेगवान विमान फेकून कसं द्यायचं? त्याच्या पोटाखाली नावेच्या आकाराचा लांबट कप्पा बसवला, त्यात कॅमेरे, बाजूला पाहणारा रडार, शत्रूच्या रडारचे संकेत ऐकणारी यंत्रं भरली. बोगद्यात बॉम्बऐवजी इंधन भरलं. नवं नाव आरए-५सी. इथून पुढे ते खरोखर निगहबान झालं. त्याच्याकडे उरली ती फक्त निगाह.

१९६४ पासून ही विमानं व्हिएतनामवर उडू लागली. बॉम्बहल्ल्याआधी एक फेरी, हल्ल्यानंतर दुसरी. काय उद्ध्वस्त झालं आणि काय राहिलं, याचे फोटो काढायचे. दुसरी फेरी सर्वांत धोक्याची. बॉम्ब पडून गेले की थोड्या वेळाने फोटोचं विमान येणार, हे खालच्या तोफचीला माहीत असायचं. फोटो स्पष्ट यायचा तर विमानाने सरळ रेषेत उडायला हवं, आणि सरळ उडणाऱ्या विमानावर नेम धरणं सोपं. बरोबर संरक्षणाला फँटम विमान असे, पण व्हिजिलंटीच्या वेगाला गाठताना त्याची दमछाक होई. १८ विमानं शत्रूच्या माऱ्यात पडली. १४ विमानविरोधी तोफांनी, तीन क्षेपणास्त्रांनी आणि एक, १९७२ च्या डिसेंबरात, मिग-२१ ने. एकूण विमानं दीडशेच्या थोडी वर बांधली गेली होती, त्या मानाने हे नुकसान जबर होतं. इतकं की भरपाईसाठी थांबलेलं उत्पादन पुन्हा सुरू करावं लागलं. १९७९ मध्ये व्हिजिलंटी नौदलातून निवृत्त झाली.

त्या फोटोंचा विचार मी बरेचदा करतो. हजारो फूट उंचीवरून काढलेल्या चित्रात पूल तुटलेला दिसतो, रस्त्यावरचे खड्डे मोजता येतात, रेल्वेचे उलटलेले डबे दिसतात. त्या पुलावर त्या वेळी कोण होतं, ते दिसत नाही. नजर कितीही तीक्ष्ण असली तरी तिला जे शोधायला सांगितलंय तेच ती शोधते. आणि त्या नजरेमागे विमानात बसलेली दोन माणसंही कुणाची तरी मुलं होती. त्यांना बंदूक नव्हती, बॉम्ब नव्हता, फक्त वेग होता.

आपल्या बाजूने या इतिहासाला एक टोक जोडलेलं आहे. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशचं युद्ध चालू असताना अमेरिकेने एंटरप्राइजला बंगालच्या उपसागराकडे पाठवलं. हेच ते जहाज, ज्याच्या पहिल्या मोहिमेवर व्हिजिलंटी गेली होती. त्या वेळी विक्रांत पूर्वेच्या समुद्रात होती. तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी. तिच्यावरची सी हॉक आणि अलिझे विमानं ध्वनीपेक्षा खूप हळू. पण चितगाव आणि कॉक्स बाजारवरचं आपलं काम त्यांनी चोख केलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि एंटरप्राइज काही न करता परत गेली. कोणतं यंत्र मोठं, यापेक्षा कोणत्या यंत्राला त्या दिवशी स्पष्ट काम होतं, यावर निकाल ठरला. भारतीय जहाजांवर ध्वनीपेक्षा वेगवान विमानं यायला पुढे चार दशकं लागली. गोव्यातल्या हंसा तळावर मिग-२९के आली तेव्हा.

बीएड करताना आम्हाला पाठटाचण लिहायला शिकवलं जायचं. त्यात पहिला रकाना उद्दिष्टांचा. मग शैक्षणिक साधनं, मग पद्धत, शेवटी मूल्यमापन. व्हिजिलंटीच्या टाचणात साधनं अव्वल होती, पद्धत अव्वल होती. उद्दिष्टाचा रकाना मात्र दोन खात्यांच्या भांडणात भरला गेला होता. भांडण मिटलं आणि रकाना रिकामा झाला. ज्यांनी तो भरला, ते पुढच्या योजनेकडे वळले. रिकाम्या रकान्याची किंमत व्हिएतनामच्या आकाशात उडणाऱ्यांनी आणि खालच्या जमिनीवर राहणाऱ्यांनी मोजली.

माझ्या शाळेतली बरीच मुलं पुढे अभियांत्रिकीला जातात. त्यांच्या घरच्यांना त्याचा अभिमान असतो, मलाही असतो. ती शिकून यंत्रं बनवतील, संगणकाचे प्रोग्रॅम लिहितील, कुणाच्या तरी योजनेतला एक तुकडा घडवतील. त्यांना कोलंबसच्या त्या अभियंत्यांबद्दल आदर वाटावा असंच मला वाटतं, कारण हुनर हा हुनरच असतो. फक्त नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या वरिष्ठाला एक प्रश्न विचारावा, की साहेब, हे कशासाठी? उत्तर नीट मिळालं नाही तर तो प्रश्न पुन्हा विचारावा.

व्हिजिलंटीच्या त्या बोगद्यातून कोणत्याही शहरावर कधीच अणुबॉम्ब सुटला नाही. तिच्या इतिहासातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. कुठल्याही विक्रमाच्या यादीत तिची नोंद सापडणार नाही, म्हणून इथे करून ठेवली.